सार्डिनियाचा प्रोलागस: माणसांनी खाऊन संपवला, एवढ्यावर थांबता येत नाही

प्रश्न असा आहे: भूमध्य समुद्रातल्या सार्डिनिया आणि कॉर्सिका या बेटांवर ‘सार्डिनियाचा पिका’ नावाचा एक प्राणी होता असं वाचलं. तो ससा होता, पिका होता की मोठा उंदीर? माणसांनी खाऊन खाऊन त्याचा वंश बुडवला हे खरं का? आणि आपल्याकडे, भारतात, त्याच्या नात्यातलं कुणी आहे का?

आधी थेट उत्तर देतो. उंदीर नक्कीच नव्हता. सशांच्या आणि पिकांच्या गणातला होता; पिका म्हणजे सशांच्या नात्यातला, गोल कानांचा, बिनशेपटीचा छोटा प्राणी. त्यातही पिकांच्या जास्त जवळचा, पण आजच्या पिकांपैकी नव्हे. त्याचं शास्त्रीय नाव प्रोलागस सार्डस. माणसांनी तो भरपूर खाल्ला, याचा पुरावा भक्कम आहे. पण केवळ खाल्ल्याने तो संपला हे मला पटत नाही. का पटत नाही ते सांगायला थोडं लांबून यावं लागेल, कारण सगळा पुरावा दातांमध्ये, भाजलेल्या हाडांमध्ये आणि घुबडांनी टाकलेल्या गोळ्यांमध्ये विखुरलेला आहे.

दातांपासून सुरुवात करतो, कारण लहान सस्तन प्राण्यांच्या जीवाश्मांवर काम करणाऱ्या आमच्यासारख्यांचा दिवस दातांवरच जातो. गाळ पाण्यात भिजवायचा, बारीक चाळणीतून धुवायचा, उरलेला चुरा वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक कण बाजूला करायचा. हाडं मोडतात, चुरगळतात, दात टिकतात. आणि या गणात एक दात हाताशी असला तरी पुष्कळ कळतं.

वरच्या जबड्यातल्या पटाशीच्या दातांमागे खुंटीसारखी आणखी एक लहान जोडी दिसली, की तो प्राणी उंदीर-खारींचा नाही, ससा-पिकांच्या गणातला. ही पहिली खूण. मग खालच्या जबड्यातल्या गालाकडच्या दाढा मोजायच्या. सशाच्या एका बाजूला पाच. पिकाच्याही पाच, पण शेवटची अगदी बारीक, एका खांबाएवढीच. प्रोलागसच्या चारच. आता त्याची चौथी दाढ नीट पाहिली तर तिला दोनाऐवजी तीन खांब दिसतात. शेवटची बारीक दाढ वेगळी न राहता जणू तिच्या पाठीला जाऊन चिकटली. खालच्या पहिल्या उपदाढेच्या माथ्यावरही एक खूण असते: पुढच्या बाजूला इनॅमलने, म्हणजे दाताच्या कठीण कवचाने, वेढलेलं एक सुटं बेट, बाकीच्या नक्षीला न जोडलेलं. हे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यांना मुळं फुटत नाहीत. त्यामुळे माथा कितीही झिजला तरी नक्षी बहुतेक तीच राहते. युरोपातल्या कुठल्याही खाणीतल्या गाळात मिलिमीटर-दोन मिलिमीटरची ही उपदाढ सापडली की ‘प्रोलागस’ असं निश्चिंतपणे लिहिता येतं. एवढी खात्री फार थोड्या प्राण्यांच्या बाबतीत मिळते.

पिकाच्या कुळात घालायचा की त्याचं स्वतंत्र कूळ मानायचं, यावर मात्र वाद जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच जीवाश्मतज्ज्ञ कुव्हिए यांनी कॉर्सिकातल्या बास्तिया इथल्या, चुन्याने घट्ट झालेल्या हाडांच्या थरांतून आलेले जबडे पाहिले आणि ते सैबेरियातल्या पिकाच्या जवळचे आहेत हे ओळखलं. पिका मध्य आशियाच्या थंड पठारांवर राहतात आणि हे जबडे भूमध्य समुद्राच्या काठावर, म्हणून त्या काळी हे मोठंच कोडं होतं. १८२९ साली वॅग्नर यांनी सार्डिनियातल्या जातीला नाव दिलं, १८५३ मध्ये पोमेल यांनी प्रोलागस ही प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) वेगळी काढली, आणि १८९९ मध्ये फोर्सिथ मेजर यांनी जिवंत आणि जीवाश्म अशा सगळ्या गणाचा आढावा घेताना तिच्या दातांचा बारकाईने अभ्यास मांडला. त्यानंतर शंभर वर्षं मतं इकडून तिकडे होत राहिली. २०२३ साली सार्डिनियातल्या एका गुहेत मिळालेल्या नवाश्मयुगीन, म्हणजे शेती सुरू झाल्याच्या काळातल्या, हाडातून मायटोकाँड्रिया या पेशीतल्या घटकाच्या डीएनएचा काही भाग वाचण्यात यश आलं. त्यावरून दिसतं ते असं, की प्रोलागसची शाखा पिकांच्या शेजारची आहे, पण सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झालेली. संशोधकांनी ‘असं असू शकतं’ अशा सावध शब्दांत लिहिलं आहे आणि ते योग्यच आहे, कारण हाती आलेला जनुकीय मजकूर अर्धाच आहे. पण दातांवरून जे वाटत होतं त्याच्याशी तो जुळतो. मी स्वतः प्रोलागसचं स्वतंत्र कूळ मानण्याच्या बाजूचा आहे. तीन कोटी वर्षं म्हणजे काही थोडथोडका दुरावा नव्हे.

बेटावरचा एक उरलासुरला, दुबळा प्राणी असं चित्र पुष्कळांच्या मनात असतं. ते पुसून टाकायला हवं. प्रोलागस ही प्रजाती युरोपात सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी दिसू लागते आणि तिच्या वीसेक जाती आता माहीत आहेत. स्पेनपासून तुर्कस्तानपर्यंत ती पसरली होती. जर्मनीत बोडन सरोवराजवळच्या ओनिंगन इथल्या खाणीतली जात तर या अभ्यासाच्या आरंभापासून प्रसिद्ध आहे. मायोसीन काळातल्या (सुमारे २ कोटी ३० लाख ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या) युरोपच्या कित्येक ठिकाणी छोट्या सस्तन प्राण्यांच्या दातांत प्रोलागसचे दात सर्वांत जास्त निघतात. आणि हे सगळं उष्ण, दमट हवेत. आजच्या पिकांना उन्हाळा सोसत नाही, ते थंड पठारांवर किंवा डोंगरमाथ्यावरच्या दगडांच्या फटींत राहतात. प्रोलागस मात्र समुद्रकाठच्या झुडपांतही राहू शकत होता. त्यामुळे ‘हिमयुग संपलं, हवा तापली आणि बिचारा मेला’ हे स्पष्टीकरण त्याला लागू पडत नाही.

मुख्य भूमीवर हिमयुग सुरू होण्याच्या सुमारास तो हळूहळू कमी होत गेला. बेटांवर टिकला. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरचा गार्गानो हा भाग हिमयुगाच्या कितीतरी आधी बेट होता; तिथे दोन जाती होत्या आणि त्यातली एक चांगली दांडगी. तिथल्या छोट्या जातीच्या हाडांचे पातळ काप काढून वाढीच्या रेषा तपासल्या गेल्या, तेव्हा दिसलं की एवढ्याशा वजनाच्या प्राण्याला जेवढं आयुष्य असावं त्याहून ते लांबलं होतं. शिकारी कमी असलेल्या बेटांवर असं होतं. घाईघाईने वयात येऊन भराभर पिल्लं घालण्याची निकड राहत नाही. प्राणी सावकाश वाढतो, जास्त जगतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

सार्डिनिया आणि कॉर्सिका ही दोन बेटं हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली की एकमेकांना जोडली जात. त्यामुळे दोन्हीकडे एकच जात. वजन साधारण अर्धा किलो, म्हणजे आजच्या बहुतेक पिकांच्या दुप्पट-तिप्पट. त्याच्यासोबत एक बेटावरचाच हरीण, एक-दोन स्थानिक उंदीरवर्गीय प्राणी, एक चिचुंद्री आणि सायनोथेरियम नावाचा एक लहान रानकुत्रा होता. या रानकुत्र्याच्या सांगाड्यावरून तो छोट्या भक्ष्याच्या मागे डोकं खाली घालून, दबकत जाणारा होता असं दिसतं, आणि बेटावर छोटं भक्ष्य म्हणजे मुख्यतः प्रोलागसच. त्याशिवाय आकाशातून गरुड आणि घुबडं. म्हणजे शत्रू होतेच. पण ठरावीक, ओळखीचे, आणि लाखो वर्षं सोबत राहिलेले. मांजर नव्हतं. कोल्हा नव्हता. घरउंदीर नव्हता.

मग माणूस आला. कॉर्सिकाच्या दक्षिण टोकाला बोनिफासिओजवळ मोंते लेओने नावाचा एक खडकाचा आडोसा आहे. मध्याश्मयुगात, शेतीच्या आधी, माणसं तिथे मुक्काम करत. त्या काळात बेटावर मोठं जनावर जवळजवळ उरलेलंच नव्हतं. समुद्रातले मासे, शिंपले, पक्षी, आणि प्रोलागस. झां-दनी विन्य या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन झालं, आणि प्रोलागसची इतकी हाडं निघाली की तिथे खाल्लेल्या प्राण्यांचा आकडा हजारोंच्या घरात जातो. जवळच आरागिना-सेनोला हे दुसरं ठिकाण आहे. ‘बोनिफासिओची स्त्री’ म्हणून प्रसिद्ध असलेला, सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा तिथलाच.

आता प्रश्न पडतो की ही हाडं माणसाने खाल्लेल्या प्राण्यांचीच कशावरून? घुबडंही गुहेत हाडांचे ढीग लावतात. विन्य यांनी शोधलेली खूण मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडते. त्यांनी हाडांवर जळल्याचे डाग नेमके कुठे आहेत ते नोंदवलं. डाग सगळीकडे नव्हते. नडगीच्या खालच्या टोकाला होते, पायाच्या पंज्याकडे, जबड्याच्या पुढच्या टोकाला. मांडीचं हाड, कंबर, खांदा यांवर जवळजवळ नाहीत. निखाऱ्यावर मक्याचं कणीस पाल्यासकट भाजलं की उघडं टोक करपतं आणि पाल्याखालचे दाणे पिवळे राहतात, तसंच हे. अख्खा प्राणी आगीवर धरला किंवा निखाऱ्यांत घातला, तर जिथे मांस जाड आहे तिथलं हाड वाचतं. जिथे कातडी थेट हाडावर असते तिथे ते काळं पडतं. हाडं आधी मोडून, साफ करून मग आगीत टाकली असती तर डाग असे नेमक्या जागी आले नसते. म्हणून हे जेवणच. घुबड प्राणी भाजून खात नाही.

म्हणजे माणसांनी खाल्ला, मोठ्या संख्येने खाल्ला, पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला. प्रश्न विचारणाऱ्यांचं पहिलं अर्धं म्हणणं इथे सिद्ध होतं. पण दुसरं अर्धं पाहा. मध्याश्मयुग संपलं, शेती आली, नवाश्मयुगाच्या थरांतही प्रोलागस आहे. कांस्ययुगातही आहे. सार्डिनियात नुरागी संस्कृतीचे दगडी मनोरे उभे राहिले, त्या काळातही आहे. भाजून खाण्याची सुरुवात झाल्यापासून हजारो वर्षं तो टिकला. शिकारीनेच संपायचा असता तर खूप आधी संपला असता. विशेषतः पहिल्या काळात, जेव्हा माणसांकडे खायला दुसरं फारसं काही नव्हतं. शेळ्या-मेंढ्या, डुकरं आणि गहू-जव आल्यानंतर त्याच्यावरचा शिकारीचा ताण उलट कमी झाला असणार.

मग कशाने गेला? माझ्या मते एका कारणाने नव्हे, एकामागून एक बेटावर उतरलेल्या प्राण्यांच्या रांगेने. नवाश्मयुगातले शेतकरी आपल्याबरोबर कुत्रे, मेंढ्या, शेळ्या, डुकरं घेऊन आले. त्यांच्या होड्यांतून नकळत रानउंदीर, चिचुंद्र्या, घरातला छोटा उंदीर आले. पुढे कोल्हे आले, मांजरं आली, मुंगसासारखा लांबट, बारीक, बिळात शिरणारा वीझल आला. झुडपं जाळून कुरणं केली गेली. आणि साधारण रोमन काळाच्या आगेमागे, भूमध्य समुद्रात जहाजांची ये-जा वाढली तेव्हा काळा उंदीर पोचला. काळा उंदीर अर्ध्या किलोच्या प्रौढ प्राण्याला मारेल असं नाही. पण बिळातली पिल्लं खाणं, चारा-बिया संपवणं, आजार पसरवणं यासाठी तो पुरेसा आहे. जगातल्या कित्येक बेटांवर त्याने काय केलं ते आपण पाहिलेलं आहे. सावकाश वाढणाऱ्या, कमी पिल्लं घालणाऱ्या प्राण्याला शिकार सोसता येते, कारण शिकारी मोठ्या प्राण्याला गाठतो आणि मग पुढच्या मुक्कामी जातो. पिल्लांवर, वर्षभर, प्रत्येक बिळात येणारा ताण त्याला सोसत नाही. गार्गानोच्या हाडांतल्या वाढीच्या रेषा लक्षात ठेवा म्हटलं ते याचसाठी.

या म्हणण्याला आधार घुबडांचा आहे. कॉर्सिकाच्या उत्तर भागात मोंते दि तुदा या ठिकाणी गव्हाणी घुबडांनी शेकडो वर्षं बसून टाकलेले गोळे थराथरांत साचलेले आहेत. घुबड भक्ष्य गिळतं आणि केस-हाडं गोळ्याच्या रूपात बाहेर टाकतं, त्यामुळे आसपास काय पळत होतं याची ती न थांबलेली नोंदवही झाली. तिथले थर गेल्या अडीच हजार वर्षांचे आहेत. खालच्या थरांत बेटावरचे मूळचे उंदीरवर्गीय आणि चिचुंद्री. वर येता येता ते विरळ होतात आणि नाहीसे होतात. त्यांच्या जागी बाहेरून आलेल्या जाती. या मूळच्या प्राण्यांना माणूस खात नव्हता. कुणी मुद्दाम मारतही नव्हतं. तरीही ते प्रोलागसच्याच आगेमागे गेले. सगळे मूळचे लहान सस्तन प्राणी एकत्र संपतात आणि त्यातला एकच खाल्ला जात होता, तर कारण त्या एकाच्या ताटात शोधून चालणार नाही.

तो नेमका कधी गेला यावर लोक दोन जुने मजकूर पुढे करतात. पहिला पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराचा, इ.स.पू. दुसऱ्या शतकातला. कॉर्सिकात कोल्हे, रानमेंढ्या आणि एक ससा-सदृश प्राणी आहे असं तो लिहितो: लांबून लहान रानससा वाटतो, पण पकडल्यावर दिसायला आणि चवीला पुष्कळ वेगळा, आणि बहुतेक वेळ जमिनीखाली राहतो. त्याने जे नाव वापरलं ते बिळातल्या युरोपी सशाचं. पण त्या काळच्या कॉर्सिकात बिळातले ससे होते याला हाडांचा आधार मिळत नाही, आणि प्रोलागस मात्र होता. म्हणून पॉलिबियसचा प्राणी प्रोलागसच असावा, हे मत मला पटतं. वर्णनात चवीचा उल्लेख आहे, म्हणजे निदान ज्यांच्याकडून त्याने ऐकलं त्यांनी तो खाल्लेला होता.

दुसरा मजकूर फ्रांचेस्को चेत्ती या पाद्री-निसर्ग अभ्यासकाचा, १७७४ मधला. सार्डिनियाच्या ईशान्येला ताव्होलारा नावाचं एक उभ्या कड्यांचं छोटं बेट आहे. तिथे प्रचंड मोठे उंदीर आहेत आणि त्यांच्या बिळांमुळे जमीन डुकरांनी नुकतीच उकरल्यासारखी दिसते, असं तो लिहितो. यावरून काही जण म्हणतात की अठराव्या शतकापर्यंत ताव्होलारावर प्रोलागस जिवंत होता. मी हे मानत नाही. त्या काळापर्यंत तिथे प्रोलागस होता असं दाखवणारं हाड पुढे आलेलं नाही, उंदीर मात्र तोपर्यंत सगळीकडे पोचले होते, आणि अशा बेटांवर जमीन पोखरून घरटी करणारे समुद्रपक्षीही असतात. सुंदर गोष्ट आहे, पण पुराव्यात तिची जागा नाही. अशा गोष्टींमुळे ‘अजूनही एखाद्या बेटावर असेल’ ही आशा जिवंत राहते. ती ठेवू नका. धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याची नोंद नामशेष म्हणून आहे आणि ती बरोबर आहे.

आता भारताबद्दल. प्रोलागस भारतात कधी नव्हता. त्याचे जवळचे नातेवाईक पिका मात्र आहेत, आणि ते हिमालयात. उत्तराखंडात तुंगनाथच्या वाटेवर दगडांच्या ढिगाऱ्यात दिसणारा, बिनशेपटीचा, गोल कानांचा तो छोटा प्राणी म्हणजे रॉयलचा पिका. लडाखमध्ये आणखी जाती आहेत. सिक्कीममधला पिका ही स्वतंत्र जात आहे हे तर २०१६ मध्ये निश्मा दहाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय पुराव्यावरून दाखवलं. महाराष्ट्रात पिका नाहीत. आपल्या माळरानावर दिसतो तो रानससा, म्हणजे काळमान्या ससा, आणि तो बिळं करत नाही, गवतात दबून बसतो. त्यामुळे प्रोलागसची कल्पना करायची तर माळावरचा ससा डोळ्यांसमोर आणू नका. हिमालयातला पिका आणा, त्याला दुप्पट-तिप्पट मोठा करा, आणि बर्फाऐवजी समुद्रकाठच्या झुडपांत ठेवा.

पण या सगळ्या गणाच्या आरंभाबद्दल बोलायचं तर आपल्या शेजारी, गुजरातेत, फार मोलाचा धागा सापडलेला आहे, आणि त्याबद्दल मराठी वाचकांना फारसं माहीत नाही याची मला खंत वाटते. सुरत जिल्ह्यातल्या वस्तान इथल्या लिग्नाइट खाणीतून, सुमारे ५ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच्या थरांतून, घोट्याची आणि पावलाची अगदी छोटी हाडं मिळाली. केनेथ रोझ, आर. एस. राणा, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ती प्रसिद्ध केली. इथे दात नाहीत, तरी घोट्याच्या हाडांचा आकार बोलका आहे: एकमेकांत अडकणारे सांधे, बाजूला न वळता पुढेमागेच हलणारं पाऊल, म्हणजे उड्या मारत पळण्याची बांधणी. त्यात आजच्या सशांच्या कुळाची लक्षणं दिसतात. चीन आणि मंगोलियात याहूनही जुने, या गणाच्या बुंध्याजवळचे प्राणी मिळालेले आहेत, पण ते ससे किंवा पिका झालेले नव्हते. वस्तानची हाडं बरोबर वाचली गेली असतील, तर ससे आणि पिका यांची फारकत त्या काळापर्यंत होऊन गेली होती, आणि प्रोलागसची शाखा पिकांपासून फुटली ती त्यानंतर दोन-सव्वादोन कोटी वर्षांनी. एका गावाजवळच्या कोळशाच्या खाणीतून, नखाएवढ्या हाडांवरून हे कळलं. तिथला गाळ धुण्याचं काम भारतातल्या विद्यार्थ्यांनी केलेलं आहे. तुमच्यापैकी कुणाला या कामात यायचं असेल तर भूशास्त्र किंवा प्राणिशास्त्रातली पदवी घ्या, आणि सुरुवातीपासून ससा, उंदीर, चिचुंद्री यांच्या कवट्या हाताळायला शिका.